बंदूक हक्काची की परवान्याची?

प्रश्न : अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वीच्या राज्यघटनेच्या जोरावर लोक आजही बंदुका बाळगतात म्हणे. इतकी जुनी घटना आजच्या बंदुकांना का लागू असावी? आणि आमच्याकडे काहीजण कंबरेला रिव्हॉल्वर लावून मिरवतात, ते कोणत्या हक्काने?
– एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हक्क कोणताच नाही. आपल्या घटनेच्या कलम 19 मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे. कलम 25 मध्ये शिखांचं कृपाण आहे. बंदूक कुठेही नाही.

ती विसरली गेली असंही नाही. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याचा राग इतका होता, की 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, अर्थात नियमांच्या अधीन राहून. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामतांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. तुमची परळी निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रझाकारांच्या बंदुका पाहिलेल्या तिथल्या माणसांना हा सवाल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता अमेरिका. तिथली दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची. त्या काळची बंदूक म्हणजे एक बार काढला की पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की बंदुकीवरचा आजचा निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेशी जुळतो हे सरकारने दाखवावं. मला हे पटत नाही. तत्त्व जुनं असायला हरकत नाही, पण आजच्या हत्याराचं माप पणजोबांच्या फूटपट्टीने का घ्यायचं?

आपली अडचण वेगळी आहे. इथे 1959 चा शस्त्र कायदा चालतो. पोलिसांचा अहवाल पाहून जिल्हाधिकारी परवाना देतात. म्हणजे बंदूक घटनेतून येत नाही, टेबलावरून येते. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याची चर्चा झाली आणि मग प्रशासनाने ते रद्द करायला घेतले. जिवाला धोका म्हणून घेतलेलं हत्यार रीलमध्ये दिसू लागलं, की धोका नेमका कुणाला, हे टेबलापलीकडच्यांनी आधीच विचारायला हवं होतं.

आणि वरातीत कुणाच्या जिवाला धोका होईल असा हवेत बार काढला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना खिशात असला तरी.