वृद्धनिवासातील रहिवासी आणि इन्फ्ल्युएन्झाची लस : तुलना कशी करावी?

इन्फ्ल्युएन्झाची गणना बहुसंख्य लोक साध्या सर्दीतापात करतात. तरुण व सुदृढ माणूस आठवडाभरात त्यातून उठतो, हे खरेच आहे. परंतु पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकार, मधुमेह किंवा दमा जडलेल्या व्यक्तीला हाच रोग न्यूमोनियाच्या वाटेने मृत्यूच्या दारापर्यंत नेऊ शकतो. त्यातून वाचलेली व्यक्तीही पुष्कळदा पूर्ववत होत नाही. काठी टेकीत स्वतःच्या पायांनी हिंडणारे आजोबा पंधरा दिवस रुग्णालयात अंथरुणाला खिळले की, परतल्यावर त्यांना उठून बसण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो. म्हणूनच वृद्धांना इन्फ्ल्युएन्झाची कोणती लस द्यावी, हा प्रश्न केवळ वैद्यकांपुरता मर्यादित राहत नाही. वृद्धांच्या संस्था चालविणाऱ्यांनाही तो समजून घ्यावा लागतो.

या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास अमेरिकेतील ‘नर्सिंग होम’मध्ये झाला आहे. भारतात या शब्दाने लहान खाजगी रुग्णालयाचा बोध होतो. अमेरिकेत मात्र ज्यांना रोजच्या व्यवहारांसाठी व शुश्रूषेसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते, असे वृद्ध जेथे दीर्घकाळ राहतात त्या निवासाला नर्सिंग होम म्हणतात. एकच भोजनगृह, एकच बैठकीची खोली आणि एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाणारे तेच सेवक, अशी तेथील रचना असते. एका रहिवाशाला झालेला संसर्ग काही दिवसांतच साऱ्या निवासात पसरू शकतो.

लशीपुढील अडचण

लस शरीराला रोगाच्या विषाणूची आगाऊ ओळख करून देते. त्या ओळखीवरून शरीर प्रतिपिंडे तयार करते. परंतु वय वाढते तशी ही क्षमता मंदावते. परिणामी, ज्यांना लशीची सर्वाधिक गरज असते त्यांच्यातच ती सर्वांत कमी प्रभावी ठरते. शिवाय इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू आपले रूप सतत बदलत असल्याने लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

या अडचणीवर संशोधकांनी तीन उपाय योजले. पहिला उपाय मात्रा वाढविण्याचा. नेहमीच्या लशीत विषाणूच्या प्रत्येक प्रकारासाठी १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन असते, तर उच्च मात्रेच्या लशीत ते चौपट, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम असते. अमेरिकेत या लशीला २००९ च्या अखेरीस परवाना मिळाला. दुसरा उपाय म्हणजे लशीत साहाय्यक द्रव्य मिसळणे. स्क्वालीन या तैल पदार्थाचे पाण्यातील सूक्ष्म मिश्रण लशीत घातले म्हणजे शरीराची प्रतिक्रिया अधिक जोरदार होते. इटलीत अशी लस १९९७ पासून आणि अमेरिकेत २०१५ पासून मान्य आहे. तिसऱ्या उपायात विषाणू कोंबडीच्या अंड्यात न वाढविता त्याचे आवश्यक प्रथिन जनुक-तंत्राने तयार करतात आणि त्याची मात्रा ४५ मायक्रोग्रॅम ठेवतात. उच्च मात्रेच्या व साहाय्यक द्रव्याच्या लशींनी टोचल्या जागी दुखणे, अंग मोडून येणे असा त्रास काहीसा अधिक होतो. तो सामान्यतः एकदोन दिवसांत ओसरतो.

निवासांची तुलना

उच्च मात्रेची लस वृद्धांना अधिक उपयोगी पडते, हे अमेरिका व कॅनडात सुमारे ३२ हजार व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते. नेहमीच्या लशीच्या तुलनेत तिने इन्फ्ल्युएन्झाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी केले. परंतु ती मंडळी बहुतांशी स्वतःच्या घरी राहणारी होती. नर्सिंग होममधील जर्जर वृद्धांबाबतही हेच खरे ठरेल, असे गृहीत धरता येत नव्हते.

यासाठी २०१३-१४ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ८२३ नर्सिंग होम निवडण्यात आली. येथे चिठ्ठी व्यक्तींच्या नावाने न टाकता निवासांच्या नावाने टाकली गेली. काही निवासांना उच्च मात्रेची, तर उरलेल्यांना नेहमीची लस मिळाली. एका छताखाली राहणाऱ्यांचा संसर्ग एकमेकांशी निगडित असल्याने ही पद्धत सोयीची व वास्तवाला धरून होती. निष्कर्षासाठी प्रतिपिंडे मोजण्याऐवजी श्वसनविकारामुळे किती जणांना रुग्णालयात न्यावे लागले, हे शासकीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून पाहण्यात आले.

नेहमीची लस मिळालेल्या निवासांत हे प्रमाण ३.९ टक्के, तर उच्च मात्रेची लस मिळालेल्या निवासांत ३.४ टक्के आढळले. ही घट सुमारे १३ टक्क्यांची होय. हाच आकडा दुसऱ्या रीतीने मांडला तर दर हजार रहिवाशांमागे पाच जणांचे रुग्णालयात जाणे टळले, म्हणजे एक व्यक्ती वाचविण्यासाठी सुमारे २०० जणांना वरच्या प्रतीची लस द्यावी लागली. ‘१३ टक्के’ म्हटले की लाभ मोठा वाटतो, ‘हजारात पाच’ म्हटले की लहान. दोन्ही विधाने खरी आहेत. खर्चाचा निर्णय घेणाऱ्याने दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावीत.

दोन आकडे शेजारी ठेवताना

साहाय्यक द्रव्याच्या लशीची अशीच चाचणी अमेरिकेतील आठशेहून अधिक नर्सिंग होममध्ये, सुमारे ५० हजार रहिवाशांवर २०१६-१७ मध्ये झाली. तीत न्यूमोनिया व इन्फ्ल्युएन्झामुळे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी आणि कोणत्याही कारणाने जाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी घटले.

तेव्हा १३ पेक्षा २० मोठे, म्हणून दुसरी लस श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा ठरेल. दोन्ही चाचण्यांची वर्षे निराळी होती. पहिल्या वर्षी एच-१-एन-१ या प्रकाराचा जोर होता, तर दुसऱ्या वर्षी वृद्धांना अधिक छळणाऱ्या एच-३-एन-२ चा. मोजलेला परिणामही सारखा नव्हता. पहिल्या चाचणीत सर्व श्वसनविकार धरले होते, दुसऱ्या आकड्यात केवळ न्यूमोनिया व इन्फ्ल्युएन्झा. दोन गावांचे दर एकरी उत्पन्न ताडून पाहताना पाऊस व जमीन सारखी होती का, हे आधी विचारावे लागते. तोच न्याय येथेही लागू आहे. प्रत्येक लस नेहमीच्या लशीहून सरस ठरली, एवढेच या दोन चाचण्यांवरून म्हणता येते. दोन सुधारित लशींपैकी थोर कोणती, हे त्या सांगत नाहीत.

लोकसंख्या बदलली की उत्तरही बदलते. डेन्मार्कमध्ये ६५ वर्षांवरील ३ लाख ३२ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उच्च मात्रेच्या लशीमुळे इन्फ्ल्युएन्झा किंवा न्यूमोनियासाठी रुग्णालयात जाण्याच्या एकत्रित प्रमाणात निःसंशय म्हणता येईल असा फरक पडला नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्ल्युएन्झापुरती मात्र घट दिसली.

निर्णय आणि त्याची मर्यादा

अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने जून २०२२ मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तिन्ही सुधारित लशींना प्राधान्य दिले. तिघींमध्ये मात्र उजवे-डावे केले नाही. त्यासोबत दिलेली सूचना तितकीच महत्त्वाची आहे : यांपैकी एकही लस उपलब्ध नसेल तर वयाला योग्य अशी जी लस हाती असेल ती द्यावी. उत्तम लशीची वाट पाहत हंगाम निघून गेला, तर त्या वृद्धाला कोणतेच संरक्षण उरत नाही.

लशीइतकेच लक्ष सेवकांकडेही हवे. रहिवासी बाहेर फारसे जात नाहीत, रोग बहुधा त्यांच्याकडे चालत येतो. स्कॉटलंडमधील दीर्घकालीन शुश्रूषेच्या २० रुग्णालयांत १९९६-९७ मध्ये झालेल्या चाचणीत जेथे सेवकांना लस देऊ केली होती तेथील वृद्धांचा मृत्युदर १३.६ टक्के, तर अन्यत्र २२.४ टक्के होता. ही सारी घट लशीमुळेच झाली का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु आजारी सेवकाने कामावर येऊ नये, हात धुवावेत व तोंड झाकावे, याविषयी दुमत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. अशा संस्था वाढतील तसा वरील अभ्यास येथेही उपयोगी पडेल. तो जसाच्या तसा उचलता मात्र येणार नाही. अमेरिकेत इन्फ्ल्युएन्झा हिवाळ्यात येतो, तर महाराष्ट्रात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. जागतिक आरोग्य संघटना लशीतील विषाणूंची निवड वर्षातून दोनदा जाहीर करते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणून येथे लस पावसाळ्यापूर्वी आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या नव्यात नव्या घटनेची घेणे इष्ट असते.

वृद्धाश्रमाला भेट देणारा अधिकारी किंवा ग्रामपंचायत सदस्य वैद्य नसला तरी काही प्रश्न विचारू शकतो. यंदा किती रहिवाशांना लस मिळाली? कोणत्या महिन्यात? सेवकांपैकी किती जणांनी घेतली? एकाच आठवड्यात दोघा-तिघांना ताप आला तर आरोग्य केंद्राला कळविण्याची जबाबदारी कोणाची? लशींमधील फरक हजारात पाच जणांचा असेल, पण या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत नसतील, तर सर्वांत चांगली लसही शीतपेटीतच राहील.