दारूच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने मोटारीचा विमा कसा निवडावा

मुंबईस पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या तरुणांपैकी कित्येक आज भाड्याची मोटार हाकतात, व काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडीही घेतली आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर ह्या भागांत रात्री पोलिसांची नाकाबंदी असते. तेथे हाकणाऱ्यास यंत्रात फुंकावयास लावतात. ज्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क निघेल, त्याजवर मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम १८५ खाली खटला होतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंड भरून मनुष्य घरी येतो. थोड्याच दिवसांत विम्याची मुदत भरत आल्याची सूचना येते. आणि मग तो गावाकडील वडील मंडळीस किंवा उपदेशकास विचारतो की, आता मला विमा कोण देईल, व कोणता घेऊ? उत्तर देणाऱ्यास निदान मूळ गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हा पाठ.

प्रथम विम्याचे दोन भाग वेगळे करून घ्यावे. एक भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, व दुसरा ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तिसऱ्या पक्षाचा. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा तो रस्त्यावरचा परका मनुष्य, ज्याने ह्या करारावर सही केलेली नाही व ज्यास बहुधा त्याची खबरही नसते. त्याच्यासाठीच १९३९ च्या मोटार कायद्याने हा विमा सक्तीचा केला, व आजच्या कायद्यात ती सक्ती कलम १४६ मध्ये आहे. तो नसता गाडी रस्त्यावर आणली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; दुसऱ्या खेपेस दंड ४,००० रुपयांचा आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कायद्याने सक्तीचा नाही, तो ज्याच्या त्याच्या खुशीचा आहे.

आता शिक्षेमुळे हप्ता वाढतो काय, हे पाहू. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचे दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीस, इंजिन १००० सीसीपर्यंतचे असल्यास २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ रुपये, व त्याहून मोठे असल्यास ७,८९७ रुपये वार्षिक असे आकडे होते. त्या पत्रकात इंजिन मोजले आहे, हाकणारा मोजलेला नाही. निर्व्यसनी मनुष्य आणि दोनदा शिक्षा झालेला मनुष्य ह्या दोघांस एकच दर! गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर जी ‘नो क्लेम बोनस’ नावाची सूट मिळते (पहिल्या वर्षी शेकडा २०, चढत चढत शेकडा ५० पर्यंत), तीही नुकसानीची मागणी न केल्याबद्दलची आहे, चांगल्या चालीबद्दलची नव्हे. म्हणून ज्यास केवळ दंड झाला, अपघात झाला नाही, त्याची ही सूट जशीच्या तशी राहते. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा व त्यात दारूच्या अपराधास सर्वांत जड गुण लावावे असे सुचविले होते. तो मसुदा होता, नियम नव्हे. आमच्या मते सूचना न्याय्य होती.

ज्यांचे नातलग परदेशी आहेत त्यांनी तिकडचा अनुभव ह्याच्याशी ताडून पाहावा. इंग्लंडात दारू पिऊन मोटार हाकल्याची नोंद परवान्यावर अकरा वर्षे राहते, आणि विमा कंपन्या मागील पाच वर्षांतील शिक्षा विचारून त्याप्रमाणे हप्ता चढवितात. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात, जेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, पहिल्या अपराधासही दंडाव्यतिरिक्त दरसाल १,००० डॉलर्सचा अधिभार तीन वर्षे सरकारात भरावा लागतो. तिकडे शिक्षा झालेल्याने दहा कंपन्यांचे दर मागवून त्यांतून निवड करणे हाच मोठा उद्योग होऊन बसतो. येथे तसे नाही, म्हणून आपल्या मनुष्यास वाटते की दंड भरला, प्रकरण मिटले.

परंतु प्रकरण मिटलेले नसते. आपल्याकडे दारूचा हिशेब हप्त्याच्या वेळी होत नाही. तो अपघाताच्या वेळी होतो, आणि मग एकदमच होतो. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा करार काढून अपवादांचे पान वाचावे. मालक किंवा त्याच्या संमतीने हाकणारा दुसरा कोणी मद्याच्या किंवा मादक पदार्थाच्या अमलाखाली असता जे नुकसान होईल, ते कंपनी देणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. हे कलम स्वस्त विम्यात असते तसेच महागड्यातही असते. दिल्लीत २००७ च्या डिसेंबरात एका कंपनीच्या मालकीची पोर्श नावाची अतिमहाग मोटार इंडिया गेटजवळ आदळून जळाली. भरपाईचा वाद पर्ल बेव्हरेजेस ह्या कंपनीने चालविला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व १२ एप्रिल २०२१ रोजी निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. रक्ताची तपासणी झालेली नसली तरी अन्य पुराव्यावरून हाकणारा मद्याच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी सिद्ध करू शकते, असे न्यायालयाने म्हटले. “माझे रक्त कोणी तपासले नाही” हे उत्तर म्हणूनच पुरे पडत नाही. त्यातून ज्याच्या नावावर आधीची एक शिक्षा आहे, त्याच्या बोलण्यास किती वजन राहील, हे वाचकांनीच ताडावे.

आता तिसऱ्या पक्षाकडे येऊ. खरी भीती तेथे आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा ह्या तरुणाची मोटार पदपथावर निजलेल्या मजुरांवर गेली. सात मजूर मेले व आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. असे जे पदपथावरचे गरीब, त्यांस किंवा त्यांच्या मागे राहिलेल्यांस पैसा कोठून मिळावा? त्यासाठी तर हा विमा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, व तिचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला, हाकणारा दारूच्या अमलाखाली होता हा बचाव विमा कंपनीस कायद्यानेच दिला आहे. तरी न्यायालये पुष्कळदा असा हुकूम करतात की, कंपनीने आधी जखमींस द्यावे आणि मग मालकाकडून उगवून घ्यावे. परवान्याच्या दोषाविषयी २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात हीच वाट घालून दिलेली होती. जखमी मनुष्य त्यामुळे वाचतो, आणि ते योग्यच आहे. मालक मात्र वाचत नाही.

ही रक्कम केवढी असते? एक उदाहरण करून पाहू. समजा, परळच्या रस्त्यावर तीस वर्षांचा, महिना २०,००० रुपये मिळविणारा, स्वतःचा लहान धंदा करणारा मनुष्य मेला. मागे बायको, दोन मुले व म्हातारी आई. वर्षाचे उत्पन्न २,४०,००० रुपये. पुढे कमाई वाढली असती म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे शेकडा ४० मिळविले, म्हणजे ३,३६,००० झाले. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला, बाकी २,५२,०००. ह्या वयास गुणक १७ आहे. गुणाकार ४२,८४,००० रुपये येतो, आणि ह्यात अंत्यविधी व कुटुंबाच्या वियोगाबद्दलच्या रकमा व व्याज धरलेले नाही. पैसे देणे ज्याजकडून येते त्याजकडून ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यास दाखला देण्याची तरतूद कलम १७४ मध्ये आहे. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे गावच्या वाचकांस आम्ही समजावून सांगावयास नको. मुंबईत मुलाने घेतलेला प्याला गावच्या सात-बाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो तो ह्या वाटेने. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले ते निदान स्वतःच्या पिशवीतून. येथे कित्येकदा बापाच्या शेतावर पाळी येते.

मग निवड ती कसली? निवड आहे, परंतु ती लोक समजतात तेथे नाही.

पहिली गोष्ट परवान्याची. कलम १८५ खाली शिक्षा देताना न्यायालयाने निदान सहा महिने परवान्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. निकालाची नक्कल काढून ती मुदत कोणत्या तारखेस संपते हे पाहावे, व परवान्याची स्थिती ताडदेवच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावी. अपात्र असता गाडी हाकली तर विमा असून नसल्यासारखा होतो, मग त्या दिवशी थेंबभरही घेतलेली नसो. मालकाच्या स्वतःच्या जिवाचा १५ लाख रुपयांचा जो अपघात विमा गाडीबरोबर घेतात, त्यासही चालू परवाना लागतो; ह्या काळात त्याचे पैसे भरणे व्यर्थ, आणि दारूच्या अमलाखालील मृत्यूस तो विमा एरवीही लागू नाही. गाडी चालली पाहिजे असेल तर परवाना असलेला, न पिणारा मनुष्य हाकावयास ठेवावा. करारात अपवाद हाकणाऱ्याच्याही पिण्याचा आहे, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट अर्जाची. विम्याच्या अर्जात हाकणाऱ्याविषयी प्रश्न असतात. पूर्वी अपघात, शिक्षा किंवा चालू खटला आहे काय, असेही पुष्कळ अर्जांत विचारतात. दलाल हसून म्हणतो, “नाही लिहा हो, कोण पाहतो?” पाहतात ते नुकसानीची मागणी आल्यावर. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटी सांगून घेतलेला विमा रद्दबातल आहे, असा बचाव कंपनीस कलम १५० देते. खरे लिहिल्यास गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता एखादी कंपनी वाढवील किंवा नाकारीलही, कारण तो भाग २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीचा आहे. तर दुसऱ्या कंपनीकडे जावे. आमच्या मते ज्या दलालाने खोटे लिहावयास सांगितले त्याजकडून घेतलेला विमा सर्वांत महाग.

तिसरी गोष्ट, काय घ्यावे व काय टाकावे. तिसऱ्या पक्षाचा विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. गाडी जुनी असून तिची किंमत थोडी असेल, तर तेवढ्यावरच भागवून उरलेला पैसा साठवावा. गाडी कर्जाची असेल तर सावकार बँक दोन्ही भाग मागेल, तेव्हा घ्यावे. ‘झिरो डेप्रिसिएशन’ म्हणजे घसारा न कापण्याची जोड, नव्या गाडीची पूर्ण किंमत देण्याची जोड, इंजिनाची जोड, अशी जी शोभेची झालर दाखवितात, ती सारी नुकसानीच्या भागास शिवलेली असते. तो भाग दारूने फाटला म्हणजे झालरही गेली. शिक्षा झालेला मनुष्य घाबरून नेमकी हीच झालर अधिक घेतो, असे आढळते. २०२२ च्या जुलैपासून हाकण्याच्या रीतीवरून हप्ता ठरविणारी जोड विकण्यास नियामकाने परवानगी दिली आहे. ज्यास सुधारून दाखवावयाचे आहे त्याने ती विचारून पाहावी.

गाडीच्या नुकसानीच्या विम्याची मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर साठलेला बोनस बुडतो, व मध्यंतरी खंड पडला असल्यास नवा विमा देण्यापूर्वी कंपनी गाडी तपासून घेते. म्हणून कैदेत किंवा गावी असलेल्या मनुष्याच्या घरच्यांनी मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडून ठेवावी, आणि पैसे भरल्याची पावती व कराराची छापील प्रत अपवादांच्या पानासकट मागून घ्यावी. ज्या मंडळीत वाचता येणारा एकच असेल तेथे उपदेशकाने ते पान मोठ्याने वाचून दाखवावे, व वाचताना घरची बाईमाणसेही बसलेली असावी.