धाडसाचे गुण आणि नेटकेपणाचे गुण

परीक्षेच्या गुणपत्रिकेकडे विद्यार्थ्यांचें जितकें लक्ष असतें, त्याहून अधिक पालकांचें असतें. परंतु गुण देण्याची एक निराळी रीत जगांत आहे. ती समजून घेतल्यास आपल्या गुणपत्रिकेकडेहि आपण अधिक शहाणपणानें पाहूं, असें आम्हांस वाटतें. ही रीत जिम्नॅस्टिकच्या, म्हणजे शरीरकसरतीच्या, सामन्यांतील होय. हा विषय आपणांस दूरचा नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, मुळेच्या पलीकडे बालेवाडीचें क्रीडासंकुल आहे. तेथें जानेवारी २०१९ मध्यें 'खेलो इंडिया' युवक क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत जिम्नॅस्टिकचेहि सामने होते.

महाराष्ट्राला तर अशी कसरत पूर्वापार ठाऊक आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख सांपडतो. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट दादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या नव्यानें उभी केली. एरंडेल चोपडलेल्या लांकडी खांबावर अढी, तेढी, बगली, दसरंग या उड्यांचा सराव करावयाचा, तो मुख्यतः कुस्तीसाठीं. त्या काळीं खांबावरील उडीला कोणी आंकडा देत नसे. खरी परीक्षा हौद्यांत, प्रतिस्पर्ध्याच्या हातीं होई. आतां मल्लखांबाचेहि सामने भरतात. फेब्रुवारी २०१९ मध्यें मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. विद्येचा सामना झाला कीं पंच आला, आणि पंच आला कीं प्रश्न उभा राहतो: गुण द्यावयाचे ते कशाला?

जिम्नॅस्टिकमध्यें पुष्कळ वर्षें सर्वोच्च गुण दहा मानीत. १९७६ सालीं मॉन्ट्रियल येथील ऑलिंपिकमध्यें रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेची हिला पुरे दहा गुण मिळाले. तोंपर्यंत ऑलिंपिकमध्यें असें घडलें नव्हतें. दहाचा आंकडा दाखविण्याची सोय फलकावर नसल्यानें तेथें १.०० असा आंकडा झळकला! पण या पद्धतींत एक उणीव होती. अवघड कसरत नेटकी करणारा आणि त्याहून थोडी सोपी कसरत तितकीच नेटकी करणारा, दोघेहि दहापाशींच येऊन थांबत.

म्हणून २००६ पासून गुणांचे दोन ढीग करण्यांत आले. पहिला ढीग अवघडपणाचा. कसरत जितकी कठीण, तितके हे गुण अधिक. त्यांस ठराविक वरची मर्यादा नाहीं. दुसरा ढीग नेटकेपणाचा. येथें प्रत्येकजण दहा गुण घेऊन निघतो आणि चुकेल तसे ते गमावतो. लहान चुकीस ०.१, मध्यम चुकीस ०.३, मोठ्या चुकीस ०.५ आणि पडल्यास पुरा १ गुण वजा होतो. दोन्ही ढिगांची बेरीज म्हणजे त्या कसरतीचे गुण. आमच्या विद्यार्थ्यांचे अनेक पालक भोसरी, आकुर्डी व चाकण येथील कारखान्यांत काम करतात. त्यांस ही रीत चटकन समजेल. सुटा भाग मापांत बसतो कीं नाहीं हें पाहणारा तपासनीस ज्या नजरेनें पाहतो, त्याच नजरेनें हे पंच खेळाडूचा गुडघा, पावलें व उतरणी पाहतात.

या रीतीचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. दीपा कर्माकर ही त्रिपुरांतील आगरतळ्याची मुलगी. तिचे तळपाय सपाट होते, आणि उडी मारणाऱ्यास तें मोठेंच व्यंग. प्रारंभीं स्कूटरच्या जुन्या भागांतून जुळविलेल्या साधनावर तिनें सराव केला, असें सांगतात. ज्या आकुर्डींत एके काळीं स्कूटरी तयार होत, तेथील मुलांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. २०१६ मध्यें रिओ येथील ऑलिंपिकला ती गेली. जिम्नॅस्टिकसाठीं ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री होय.

तेथें व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन पटावर हात टेंकून मारावयाच्या उडीच्या, अंतिम फेरींत तिनें दोन उड्या मारल्या. पहिलीस १४.८६६ गुण मिळाले. दुसरी 'प्रोदुनोव्हा' नांवाची, हवेंत पुढच्या बाजूस दोन कोलांट्या घेणारी, अत्यंत धोक्याची उडी. तिच्या अवघडपणाचे ७ आणि नेटकेपणाचे ८.२६६, मिळून १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. स्वित्झर्लंडच्या खेळाडूस १५.२१६ मिळून कांस्यपदक लाभलें आणि दीपा चौथी आली.

आतां विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. फरक ०.१५० चा. गुण दोन उड्यांच्या सरासरीचे, म्हणून कोणत्याहि एका उडींत ०.३ अधिक मिळते तर बरोबरी झाली असती. ०.३ म्हणजे काय? एक मध्यम चूक. धाडस तिच्यापाशीं विपुल होतें. पदक हुकलें तें नेटकेपणाच्या ढिगांत.

येथें आमचें मत स्पष्टपणें मांडतों. धाडस हा सद्गुण खरा, पण लहान देहाच्या मानेची व कण्याची किंमत देऊन घेतलेले गुण फार महाग पडतात. २०१७ मध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनें 'प्रोदुनोव्हा'चें मूल्य ७ वरून ६.४ वर आणलें. साधनें तोकडी असलेल्या देशांतील खेळाडूंची पुढें येण्याची एक वाट त्यामुळें अरुंद झाली, असा आक्षेप घेतां येईल आणि तो पोकळ नाहीं. तरीहि जी उडी चुकली असतां जन्माचें अपंगत्व येऊं शकतें, तिचें आमिष कमी करणें आम्हांस योग्य वाटतें. ऑलिंपिकसारख्या वडीलधाऱ्या सामन्यांत, त्या सालाअखेर ज्यांस १६ वर्षें पुरीं होत नाहींत अशा मुलींस उतरूं न देण्याचा १९९७ पासूनचा नियमहि त्याच भूतदयेचा आहे.

धोका ओळखून थांबणें हा भ्याडपणा नव्हे. २०२१ मध्यें टोकियो येथें अमेरिकेची सिमोन बाइल्स हिला हवेंत आपण कोठें आहों याचें भान राहीना, तेव्हां तिनें सांघिक सामन्यांतून माघार घेतली. पुष्कळांनीं तिला दोष दिला. परंतु २०२४ मध्यें पॅरिस येथें तिनेंच तीन सुवर्णपदकें मिळविलीं. दीपानेंहि त्याच वर्षीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, ताश्कंद येथें आशियाई स्पर्धेंत व्हॉल्टचें सुवर्णपदक मिळविलें आणि मग निवृत्ति पत्करली.

आमच्या शाळेंतील मुलांस शुभवर्तमानांतील दोन गोष्टी ठाऊक आहेत. एका चाकरानें भीतीपोटीं धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें. त्याला ठपका मिळाला. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह झाला असतां प्रभूनें ती टाकली नाहीं. भिऊन आपली शक्ति पुरून ठेवूं नये, आणि लोकांस दिपविण्यासाठीं जीव उधळूं नये. कसरतीच्या मैदानास दोन्ही धडे लागू पडतात.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी: मूल कसरत शिकूं म्हणालें तर त्यास अडवूं नका. परंतु शिक्षकांकडे पदकें किती याची चौकशी करण्यापूर्वीं हें विचारा, कीं खालीं गादी पुरेशी जाड आहे काय, उडी झेलण्यास कोणी उभें असतें काय, सुरक्षितपणें पडावें कसें हें आधीं शिकवितात काय, आणि "आज नको" असें म्हणण्याची मुलास मोकळीक आहे काय? आणि विद्यार्थ्यांनीं इतकें ध्यानांत धरावें: साधी कोलांटी आधीं निर्दोष करावी, मगच दुसरी जोडावी. अवघडपणाचे गुण एका दिवसाच्या धाडसानें मिळूं शकतील. नेटकेपणाचे गुण रोजच्या सरावावांचून कोणासहि मिळाले नाहींत.