प्रबळगडाचा डोंगर : पदार्थविवेक

नवीन पनवेलच्या पूर्वेस प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा दिसतो. याचे जुने नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये मोगलांकडे गेलेल्या २३ किल्ल्यांत त्याची गणना होते. शेजारी कलावंतीणचा सुळका, उतारावर प्रबळमाची, पायथ्याशी ठाकूरवाडी व पलीकडे इर्शाळगड, असा हा परिसर आहे. सुटीच्या दिवशी पनवेलकर उपदेशी मंडळीही तेथे जातात. म्हणून त्याचा शास्त्रदृष्ट्या विचार करणे अगत्याचे आहे.

शंका : अशा उत्तुंग स्थळी चित्त सहज निवते, मग त्यास पवित्र मानून वंदन का करू नये?

समाधान : चित्त निवणे हे पावित्र्याचे प्रमाण नव्हे. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चार साधनांतील ‘स्थान’ हे परमेश्वरावताराच्या संबंधानेच वंद्य ठरते. उंचीने वा रमणीयतेने नव्हे. तो संबंध पोथीने व परंपरेने सिद्ध व्हावा लागतो. रिद्धपूरची भूमी सपाट असूनही वंद्य आहे, ती श्रीगोविंदप्रभूंच्या संबंधाने.

आता जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांनी हा डोंगर पाहावा. दगड, माती, झरे हा प्रपंच, तो अनित्य. डोंगरमाथ्यावर लोक ज्यांना पूजतात त्या देवता नित्यबद्ध; त्यांच्यापासून मोक्ष नाही. वाड्यांत राहणारे ते जीव. आणि मोचक एक परमेश्वरच.

प्रपंचाच्या अनित्यतेस दूरचा दृष्टांत नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैस शोधकार्य थांबले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगराचा आधार मानला, तोच एका रात्रीत खाली आला.

परंतु ‘सर्व अनित्यच आहे’ एवढे म्हणून स्वस्थ बसणे हा विवेक नव्हे. ते निष्ठुरपण होय. अनित्यत्व प्रपंचाचे सांगितले आहे, जीवाच्या दुःखाची उपेक्षा करण्यास सांगितलेले नाही. अहिंसाधर्म दयेवाचून कोरडा राहतो. याच पनवेल तालुक्यात नेरे येथील शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा झाली, हेही उपदेशीयांनी ध्यानी घ्यावे.

तात्पर्य, साधकाने डोंगरी जावे ते गर्दी टाळून, विजनासाठी व नामस्मरणासाठी. वाडीतील माणसांचे पाणी वा अन्न यांस उणे पडेल असे वर्तू नये. डोंगरास देव मानू नये, आणि तेथील जीवांस दगड मानू नये.

दंडवत प्रणाम.