काय म्हणजे कोंबडी

चि. सई,


तू बँकॉकला रुजू व्हायला महिनाही उरला नाही आणि थाई शब्दांची वही सुरू केली आहेस, असं तुझी आई सांगत होती. वर म्हणालीस म्हणे, "अर्धे शब्द संस्कृतच आहेत, सोपं जाईल." या एका वाक्यापायी हे पत्र.

संस्कृत आहे, खोटं नाही. उतरशील तो विमानतळच सुवर्णभूमी. आहाराचा तिथे 'आहान' होतो आणि आकाशाचा 'आकात', म्हणजे हवा. शेवटचा र किंवा ल 'न'सारखा वाजतो, श-स-द 'त'सारखे, एवढं लक्षात ठेवलंस की बरेच शब्द ओळखू येतील. महिन्यांची तर गंमतच आहे. जानेवारी म्हणजे 'मकराखोम', एप्रिल म्हणजे 'मेसायोन'. आपल्या राशीच त्या! शेवटी 'खोम' असेल तर 31 दिवस, 'योन' असेल तर 30. मुठीवरचे उंचवटे मोजायला नकोत.

पण ही श्रीमंती कचेरीतली, कॅलेंडरातली. गल्लीतल्या गाडीवर भाताला, पाण्याला, अंड्याला संस्कृत नाव नाही. तिथले शब्द एकेका अक्षराचे आणि आपल्याला पूर्ण परके. 'सवातदी' हा नमस्कारसुद्धा 'स्वस्ति'वरून 1930च्या दशकात चुलालाँगकॉर्न विद्यापीठात घडवला गेला आणि 1943 मध्ये सरकारी झाला. मी तिथे राहत होते तेव्हा माझी शेजारीण मात्र सकाळी विचारायची, "किन खाव रू यांग?" भात खाल्लास का? आपलं 'झालं का जेवण?' तेच. मी पहिल्या आठवड्यात तिला काय काय खाल्लं ते सांगत बसले होते. "किन लॅव खा" म्हणून हसायचं आणि पुढे जायचं.

आपलं खरं भांडवल वेगळंच आहे, ते म्हणजे क आणि ख. थाईत 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं, दोन्ही खालच्या सुरात. माझ्या थाईच्या वर्गातल्या इंग्रज बाईंना हा फरक महिनाभर ऐकूच आला नाही. त-थ आणि प-फ यांचंही तसंच, फक्त तो फ दोन्ही ओठ मिटून काढायचा, आपण 'फोन' म्हणताना काढतो तो नव्हे.

आपण अडतो ते सुरांशी. थाईचे सूर 5. मराठीत आवाज चढवला की प्रश्न होतो किंवा राग दिसतो, तिथे शब्दच बदलतो. एका दुपारी मी रखवालदाराला स्टेशन कुठे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "क्लाय." मी खूश होऊन चालायला लागले. सपाट सुरातलं 'क्लाय' म्हणजे लांब, वरून खाली घसरणारं 'क्लाय' म्हणजे जवळ. एप्रिलच्या उन्हात पाऊण तास चालल्यावर तो फरक असा काही कळला की आजवर विसरले नाही. म्हणून वहीत नुसता शब्द आणि अर्थ मांडू नकोस. रोमन लिपीत तर मुळीच लिहू नकोस, त्यात सूर गळून जातो. त्यांची लिपी शीक. 44 व्यंजनं ऐकून घाबरू नकोस, क्रम आपल्यासारखाच 'क'पासून सुरू होतो. तोवर देवनागरीत लिही आणि डोक्यावर सुराची रेघ काढ, सपाट, चढती, घसरती, जशी असेल तशी.

आणि शब्द त्याच्या बिऱ्हाडासकट उचल. 'नाम' म्हणजे पाणी, पण दुकानात "नाम सोंग खुआत" म्हणायचं: पाणी, दोन, बाटली. 'खुआत'शिवाय 'सोंग' लंगडा. "दाय माय?" म्हणजे होईल का, आणि त्याचं उत्तर नुसतं "दाय", होईल. इथे मराठी डोकं कामी येतं. वाक्याच्या शेवटी 'खा' लावायचा, सांगताना घसरता, विचारताना चढा. तो नसला की बाई तुसडी वाटते. थोड्या मोठ्याला 'फी', लहानाला 'नोंग'. गाडीवाल्या बाईंना 'पा', म्हणजे मावशी, म्हणण्याआधी जरा विचार कर. चाळिशीतल्या बाईला 'फी' जास्त आवडतं. इथे तरी कुठे वेगळं आहे?

तू अंडं खातेस, मांस-मासे नाही. तुझ्यासाठी शब्द 'मांगसविरात', म्हणजे मांसविरती. गाडीवर तो कधी कळतो, कधी नाही. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरांत 'जे' दिसलं तर तिथे बेलाशक खा, मात्र अंडं, दूध, कांदा, लसूण काही मिळणार नाही. इतरत्र "माय साय नाम प्ला" म्हण, माशाचं पाणी घालू नका. हे वाक्य विमानात बसण्यापूर्वी पाठ हवं. भाजीतसुद्धा ते असतं, आणि मी ते दीड वर्षाने शोधून काढलं.

रविवारी फोन कर. मी दहा वेळा 'क्लाय' म्हणेन, तू फक्त सांगायचं, लांब की जवळ.

तुझी,
आत्या