पालकसभेतील दुभाषी

वर्गशिक्षक तक्रार सांगत आहेत, समोरचे आईवडील कर्णबधिर आहेत, आणि ती तक्रार खुणांनी त्यांच्यापर्यंत पोहोचविणारा मुलगा तोच आहे, ज्याच्याविषयी ती आहे! असा प्रसंग शाळेत घडू शकतो. मुलगा प्रामाणिक असला तरी हे ओझे त्याच्या शिरी देणे उचित नव्हे. हे काम व्यवसायी दुभाष्याचे आहे.

खुणा म्हणजे मराठी शब्दांचे हातांनी केलेले रूपांतर, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः भारतीय सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कोठे जातोस?’ यातील ‘कोठे’ तेथे वाक्याच्या अखेरीस येते. नकारही शेवटी येतो. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. चार खुणा जाणणारा मनुष्य म्हणूनच दुभाषी ठरत नाही.

बारावी उत्तीर्ण झालेल्यास या व्यवसायाची दोन वर्षांची पदविका घेता येते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व नवी दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र (२०१५) यांकडे याविषयी विचारणा करावी. दुभाषी हवा असल्यासही प्रथम तेथेच, अथवा जवळच्या कर्णबधिर विद्यालयात वा कर्णबधिरांच्या संघटनेत चौकशी करावी. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी. या विद्येची गरज केवळ शाळेस नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अन्वये, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेताना न्यायालयाने दुभाष्याचे अथवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावयाचे आहे.

सभेत दुभाष्यास शिक्षकाच्या शेजारी, पालकांच्या समोर बसवावे. त्याच्या पाठीमागे उजेडाची खिडकी नसावी, अन्यथा त्याचा चेहरा दिसत नाही. ‘त्यांना सांगा की…’ असे दुभाष्यास म्हणू नये. पालकांकडेच पाहून बोलावे. दुभाषी ‘मी’ म्हणतो तेव्हा तो बोल पालकाचा असतो, हे प्रथम चमत्कारिक वाटते, पण लवकरच अंगवळणी पडते. ऐकलेले बाहेर न सांगणे व आपल्या पदरचे काही न घालणे, हा त्याचा व्यवसायधर्म होय. सभा लांबणार असल्यास दोन दुभाषी बोलवावेत. एकाचे हात व लक्ष दोन्ही थकतात.

सभेची तारीख दुभाष्यास काही दिवस आधी कळवावी, विषयही कळवावा. आणि सभा चालू असता त्या मुलास इतर मुलांसमवेत पटांगणावर खेळू द्यावे.