शार्त्रचे मरियामंदिर
फ्रान्समधील शार्त्रचे मरियामंदिर ११९४ साली आगीत जळाले. पवित्र मरियेचे वस्त्र म्हणून जपलेला अवशेषही गेला, असे समजून लोक खचले. तो तळघरात सुखरूप सापडला, असे परंपरा सांगते. लोकांनी मंदिर पुन्हा बांधायला घेतले. त्याचे पवित्रीकरण १२६० साली झाले. मधल्या ६६ वर्षांत कित्येक पाथरवट देवाघरी गेले. पूर्ण झालेले मंदिर त्यांनी पाहिलेच नाही. १८३६ साली लाकडी छप्पर जळाले, तेव्हा लोखंडी सांगाडा उभारला. १९३९ साली महायुद्धाच्या तोंडावर रंगीत काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या आणि नंतर परत बसवल्या.
आपले चर्चही आपल्याला वाडवडिलांकडून मिळाले आहे. येणाऱ्या पिढीसाठी आपण कोणता दगड रचतो आहोत? या आठवड्यात घरोघरी प्रार्थनेच्या वेळी याचा विचार करू या.